निर्दोषपणाचा हट्ट आणि आपला ऑनलाइन धंदा

(अँटॉप हिल येथील विद्यार्थी व स्वयंरोजगार मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती, स्त्रियांचे आरोग्य अशा अनेक विषयांवर भाषणे झाली. आज आम्ही बोलणार आहोत ते घरातल्या घरात, मोबाइलच्या आधाराने चालणाऱ्या धंद्याविषयी, आणि त्या धंद्याच्या आड येणाऱ्या एका सवयीविषयी. ही सवय आळशी माणसाला लागत नाही. ती हुशार, कष्टाळू आणि प्रामाणिक माणसालाच लागते, आणि सद्गुणाचा वेष घेऊन येत असल्यामुळे ती ओळखूही येत नाही. 'सर्व काही निर्दोष झाल्याशिवाय लोकांसमोर जायचे नाही' हा हट्ट म्हणजे ती सवय होय.

प्रथम आपल्या परिस्थितीचा विचार करू. आपली वस्ती शीव आणि वडाळा यांच्यामध्ये आहे. एका बाजूस केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत, दुसऱ्या बाजूस चाळी, झोपड्या आणि गोदामे. आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महानगरपालिकेत नोकरीस होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि पुढे कायम नोकऱ्यांची जागा कंत्राटी कामाने घेतली. धंदा करावा तर गाळ्याचे भाडे आणि अनामत रक्कम परवडत नाही. अशा वेळी मोबाइलवरचे दुकान ही आपल्या मुलामुलींसाठी खरोखरच मोठी सोय झाली आहे. २०१६ मध्ये यूपीआयची पद्धत सुरू झाली, तेव्हापासून दहा रुपयेसुद्धा मोबाइलवरून घेता येऊ लागले. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने छोट्या व्यापाऱ्यांसाठी वेगळी सोय केली आणि पुढे त्यावर मालाची यादी लावता येऊ लागली. गाळा नाही, पागडी नाही, फलक नाही. दहा बाय बाराच्या खोलीतून नागपूरला, नांदेडला, नाशिकला माल पाठविता येतो. गिऱ्हाइकाला आपली खोली दिसत नाही, माल दिसतो.

असे असताना कितीतरी दुकाने उघडतच नाहीत. संस्थेच्या वतीने आम्ही तरुण मंडळींशी बोलतो तेव्हा एकच उत्तर वेगवेगळ्या शब्दांत ऐकावयास मिळते. 'लोगो अजून मनासारखा झाला नाही.' 'फोटो चांगल्या कॅमेऱ्याने काढायचे आहेत.' 'वेबसाइटचे इंग्रजी एकदा कोणाकडून तरी तपासून घ्यायचे आहे.' 'डबे छापून येऊ देत, मग सुरू करू.' ही उत्तरे देणारी मुले कामचुकार नसतात. ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून रंग बदलतात, अक्षरे बदलतात, नाव बदलतात. एक गोष्ट तेवढी ती करीत नाहीत, आणि ती म्हणजे विक्री.

या विलंबाची किंमत किती होते ते एका साध्या हिशेबाने पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने स्वतःचे घालून पाहावेत. समजा, एक भगिनी कांदा-लसूण मसाला करते. पाव किलोच्या पाकिटाची किंमत २०० रुपये. मिरची, खोबरे, कांदा, लसूण, तेल आणि दळण यांचा खर्च ९५ रुपये, पिशवी आणि लेबल १२ रुपये, खोका आणि चिकटपट्टी ८ रुपये, फुटतूट आणि परत येणाऱ्या मालासाठी बाजूला १० रुपये. एकूण खर्च १२५ रुपये. कुरिअरचा खर्च गिऱ्हाईक वेगळा देतो असे धरले, तर पाकिटामागे ७५ रुपये राहतात. महिन्याला ४० पाकिटे गेली तर ३,००० रुपये झाले. डब्यावरची नक्षी ठरविण्यात चार महिने गेले तर १२,००० रुपये गेले. एवढ्या पैशात मुलाची वर्षाची शिकवणी निघाली असती. शिवाय त्या चार महिन्यांत १६० गिऱ्हाइकांनी जे शिकविले असते तेही गेले. तिखट कमी हवे, पाव किलोऐवजी शंभर ग्रॅमचे पाकीट हवे, पिशवीतून तेल झिरपते. हे सारे घरात बसून कोणालाही सुचत नाही. ते गिऱ्हाईकच सांगते.

काही धंद्यांत तर विलंब म्हणजे पूर्ण वर्षाची हानी. आपले अनेक तरुण बाबासाहेबांच्या तसबिरी, पंचशील ध्वज, बुद्धमूर्ती, दिनदर्शिका असा माल करतात. त्याला मागणी येते ती १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर या दिवसांच्या आगेमागे. तसबिरीची चौकट अधिक सुबक व्हावी म्हणून जो १४ एप्रिल चुकवितो, त्याची चौकट मे महिन्यात कितीही सुबक झाली तरी गिऱ्हाईक थांबलेले नसते.

आता हा हट्ट येतो कोठून? मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी याचा बराच विचार केला आहे. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात माणूस स्वतःकडून निर्दोष कामाची अपेक्षा करतो. दुसऱ्यात तो इतरांकडून तशी अपेक्षा करतो. तिसऱ्या प्रकारात त्याला असे वाटत असते की समाज आपल्याकडून निर्दोषपणाची अपेक्षा करीत आहे आणि थोडे जरी चुकलो तरी आपल्याला नाकारले जाईल. पुढे थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या दोन संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,००० हून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील माहिती एकत्र केली. त्यांचा लेख २०१९ मध्ये छापून आला. त्यांना असे दिसले की तिन्ही प्रकार वाढले आहेत, आणि सर्वांत जास्त वाढला आहे तो तिसरा प्रकार, म्हणजे समाजाच्या नजरेचा धाक.

बंधू-भगिनींनो, तो तिसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. ज्या संशोधकांनी तो नोंदविला त्यांनी आपली वस्ती पाहिलेली नाही, पण आपल्याकडे त्याला अधिक खोल कारण आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना सांगितले गेले की तुम्हाला हे जमणार नाही, त्यांच्या मुलाला वाटते की माझी एक चूक माझ्या एकट्याची राहणार नाही, ती माझ्या आडनावाच्या खात्यावर लिहिली जाईल. दुसऱ्याचा माल खराब निघाला तर लोक म्हणतात, माल खराब होता. आपला माल खराब निघाला तर लोक म्हणतील, यांचे असेच. म्हणून तो मुलगा दुप्पट चांगले काम करू पाहतो, आणि दुप्पट चांगले होईपर्यंत ते लोकांना दाखवीत नाही. त्याच्या या भीतीला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कारण ही भीती काल्पनिक नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याची नोकरी सोडून १९१७ मध्ये मुंबईस परतले तेव्हा उपजीविकेसाठी त्यांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाच्या सल्ल्यात ज्ञानाची उणीव नव्हती. तरीही सल्लागाराची जात कळल्यावर लोक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. या घटनेतून आम्हाला एक गोष्ट समजते. काम निर्दोष असले म्हणून पूर्वग्रह नाहीसा होत नाही. मग पूर्वग्रहाच्या भीतीने काम निर्दोष करीत बसणे हा त्यावरचा उपायही नव्हे. ज्याला नाकारायचेच आहे तो सोन्याच्या डब्यातला मसालाही नाकारील. आपण ज्याच्यासाठी दुकान उघडतो तो गिऱ्हाईक वेगळा आहे. त्याला वेळेवर, चांगला आणि सांगितल्याप्रमाणे माल हवा आहे.

बाबासाहेबांच्याच जीवनातील दुसरी गोष्ट पाहा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले, परंतु भाषणातील काही मजकूर मंडळास मान्य झाला नाही आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण पेटीत ठेवले नाही. त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तीत गांधीजींचे आक्षेप आणि त्यांना दिलेले उत्तर समाविष्ट झाले. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत जातीच्या उगमावरील त्यांचा जुना निबंध जोडला गेला. ज्ञानाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असलेला हा महापुरुष आवृत्ती काढीत होता, आवृत्तीत भर घालीत होता. 'आवृत्ती' हा शब्द आपल्या तरुणांनी मनात कोरून ठेवावा. आपल्या दुकानाची आज निघते ती पहिली आवृत्ती. दुसरी काढण्यास आपल्याला कोणीही बंदी केलेली नाही.

राज्यघटनेचेही तसेच. मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांसमोर ठेवला गेला. त्यावर हजारो दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. तीत दुरुस्ती कशी करावी हे सांगणारे ३६८ वे कलम आहे, आणि पहिली दुरुस्ती १९५१ मध्येच झाली. देशाच्या घटनेत जर दुरुस्तीची सोय ठेवावी लागते, तर मसाल्याच्या लेबलात ती ठेवण्यास आपण का लाजावे?

आता प्रत्यक्ष धंद्याचे उदाहरण घेऊ, आणि तेही लांबचे नको, आपल्या गिरगावचे घेऊ. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले. ते त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यास विकले. चार पाकिटे! त्या वेळी 'लिज्जत' हे नावसुद्धा नव्हते, ते पुढे १९६२ मध्ये ठरले. संस्थेची नोंदणी १९६६ मध्ये झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. तुटलेले पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले जात.

पहिल्या वर्षी त्यांच्यापुढे एक अडचण आली. पावसाळ्यात पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. पावसाळ्याची सोय झाल्याशिवाय धंदा सुरू करायचा नाही असे त्या म्हणाल्या असत्या तर मार्चमध्ये गच्चीवर कोणी गेलेच नसते. त्यांनी सुरुवात केली, अडचण प्रत्यक्ष पाहिली, आणि दुसऱ्या वर्षी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाटेखाली शेगडी. प्रश्न सुटला. पुढे याच संस्थेत हजारो भगिनी सामील झाल्या आणि संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या गोष्टीचा अर्धाच भाग सांगून थांबलो तर मात्र आमच्याकडून तुमची दिशाभूल होईल. सुरुवातीला या भगिनी दोन प्रतींचे पापड करणार होत्या, एक चांगली आणि एक स्वस्त, हलकी. छगनबाप्पांनी त्यांना सांगितले की एकच प्रत करा, चांगली करा आणि दर्जात तडजोड करू नका. त्यांनी ते आयुष्यभर पाळले. म्हणजे नाव नसले तरी चालले, नोंदणी मागाहून झाली तरी चालले, पावसाळ्याची सोय एक वर्ष उशिरा झाली तरी चालले, पण पापडाच्या प्रतीत ढिलाई चालली नाही. कोठे थांबावे आणि कोठे थांबू नये याचा हा विवेक आहे, आणि आमच्या आजच्या भाषणाचे सार त्यातच आहे.

तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूस दिलेला दृष्टान्त आपणांस माहीत आहे. सोणाने इतके कठोर परिश्रम केले की चालून चालून त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, आणि फळ मिळेना म्हणून तो निराश झाला. तो पूर्वाश्रमी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. आपल्याकडे 'चलता है' म्हणून सैल तारेचे दुकान चालविणारे काही कमी नाहीत. त्यांच्यासाठी हे भाषण नाही, आणि आमच्या बोलण्याचा आधार त्यांनी घेऊ नये.

तेव्हा तार कोठे घट्ट हवी ते आधी स्पष्ट करू. खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षा खात्याकडील नोंदणी हवीच. बंद पाकिटावर मालाचे नाव, वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे असावेच लागते. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी ते बंधनकारक केले आणि २०१८ पासून ऑनलाइन विक्रीतही त्यातील मुख्य माहिती दाखवावी लागते. ऑनलाइन व्यापाराविषयी ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम २०२० मध्ये आले, तेही वाचावेत. याखेरीज आणखी चार गोष्टींत सूट नाही. वजन पूर्ण असावे, फोटोत दाखविला तोच माल द्यावा, सांगितलेल्या दिवशी पाठवावा, आणि चूक झाल्यास पैसे परत करावेत किंवा माल बदलून द्यावा. हे सारे पहिल्या दिवसापासून चोख पाहिजे. यात कमी पडणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक होय.

आणि तार कोठे सैल चालते? लोगो साधा असला तरी चालतो. डब्याऐवजी साधी पिशवी आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरातले लेबल चालते. वेबसाइट नसली तरी व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी चालते. इंग्रजी नसले तरी मराठी आणि हिंदी चालते, किंबहुना आपल्या गिऱ्हाइकाला तेच जवळचे वाटते. दहा प्रकारांऐवजी दोन प्रकारांनी सुरुवात केली तर ती अधिक चांगली. हाताने केलेल्या वस्तूत थोडा फरक राहणारच. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घ्या. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील प्राडा या कंपनीने तशाच घाटाची पादत्राणे मिलानच्या प्रदर्शनात मांडली तेव्हा आपल्या कारागिरांना श्रेय का नाही म्हणून गदारोळ झाला. पुढे त्या कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. ज्या चपलेचा टाका हाताने घातला जातो, तिच्या दोन जोड्या तंतोतंत सारख्या नसतात. तो दोष समजून ज्यांनी काम झाकून ठेवले असते, त्यांची कला जगासमोर आली नसती. आपल्या शेजारच्या धारावीत चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांबरोबर सुधीर राजभर या कलावंताने 'चमार स्टुडिओ' उभा केला. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर चामड्याच्या कामावर संकट आले, तेव्हा त्यांनी टाकाऊ रबरापासून पिशव्या केल्या, आणि जे नाव शिवी म्हणून वापरले जात होते तेच नाव मालावर लावून तो माल जगभर विकला. समाजाच्या नजरेचा धाक कसा झुगारावा याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. विद्यार्थ्यांनी त्या वहीत उतरून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, एक कागद घेऊन त्याचे तीन रकाने करा. 'आज हवेच', 'तीन महिन्यांत हवे' आणि 'झाले तर बरे'. मनातील प्रत्येक काम यांपैकी एका रकान्यात लिहा. कायद्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासाच्या गोष्टी पहिल्या रकान्यात. लोगो तिसऱ्यात. पहिला रकाना पुरा झाला की दुकान उघडायचे. बाकीचे दोन रकाने भिंतीवर लावून ठेवायचे.

दुसरी गोष्ट, तारीख ठरवा आणि ती चार माणसांना सांगा. मनातली तारीख पुढे सरकते, आईला आणि मित्रांना सांगितलेली तारीख सहसा सरकत नाही.

तिसरी गोष्ट, प्रत्येक कामाला वेळेची मर्यादा घाला. फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळच्या वेळी खिडकीजवळ पांढरा कार्डपेपर ठेवून मोबाइलनेच फोटो काढावेत. एक समोरून, एक मागून लेबलासह, आणि आकार कळावा म्हणून एक हातात धरून. अर्ध्या तासात जे निघतील त्यांतून तीन निवडा आणि पुढच्या कामाला लागा.

चौथी गोष्ट, पहिली दहा गिऱ्हाइके ओळखीची घ्या, पण माल फुकट देऊ नका. फुकटच्या मालाला सगळेच चांगले म्हणतात. एक पार्सल गावच्या नातेवाइकाला कुरिअरने पाठवा आणि ते कोणत्या अवस्थेत पोहोचले त्याचा फोटो मागवा. खोका तुमच्या घरात कसा दिसतो याला महत्त्व नाही. तो नांदेडला कसा उघडतो याला आहे.

पाचवी गोष्ट, तक्रारींची एक वही ठेवा. तारीख, तक्रार, कारण, उपाय. महिन्याच्या शेवटी जी तक्रार तीनदा आली असेल ती आधी दूर करा. एकदाच आलेली तक्रार लिहून ठेवा, पण तिच्यासाठी सगळा धंदा उलटापालटा करू नका.

दुकान उघडल्यानंतरही हा हट्ट सुटत नाही, तो रूप बदलतो. एखाद्याने एकच तारा दिला की रात्रभर झोप येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी माल काढूनच टाकावा असे वाटते. अशा वेळी दोन वाक्यांत नम्रपणे उत्तर द्यावे. चूक आपली असेल तर भरपाई करावी, नसेल तर वस्तुस्थिती सांगावी. तेवढ्यावर तो विषय संपवावा. त्या एका ताऱ्यात आपली किंवा आपल्या समाजाची लायकी लिहिलेली नसते. एका पाकिटाविषयी एका माणसाचे त्या दिवसाचे मत तेवढे लिहिलेले असते.

दुसरे रूप घरात दिसते. आईने बांधलेला खोका मुलगा रात्री उठून पुन्हा सोडतो आणि पुन्हा बांधतो. बहिणीने लिहिलेले लेबल फाडून टाकतो. हळूहळू घरची माणसे मदत करणे सोडतात, आणि सगळा भार एकट्यावर आल्यावर तो म्हणतो, माझ्या मदतीला कोणी नाही. ज्यांनी ह्युइट-फ्लेट यांचा दुसरा प्रकार ऐकला त्यांनी तो येथे ओळखला असेल. आपले धंदे कुटुंबाच्या बळावर चालतात. खोका कसा बांधायचा ते एकदा समोर बसून दाखवा, मापाची एक खूण करून द्या, आणि नंतर हात काढून घ्या. आपल्यापेक्षा थोडा वेगळा बांधलेला पण न फुटणारा खोका हा चांगलाच खोका आहे.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांना १९७८ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. माणसे आणि संस्था निर्णय कसे घेतात याचा त्यांनी अभ्यास केला. माणसाजवळ वेळ, माहिती आणि विचार करण्याची शक्ती मर्यादित असते, म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधीत बसत नाही, ठरविलेल्या कसोटीला उतरणारा पुरेसा चांगला पर्याय मिळाला की तो घेतो, असे त्यांनी दाखविले. यातील 'कसोटी आधी ठरवा' हा भाग विसरू नका. कसोटी आधी ठरविली नाही तर 'पुरेसे' कधीच येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण म्हणतील की आमचा अजून धंदा नाही. पण हीच सवय तुमच्या टेबलावरही बसलेली आहे. पूर्ण अभ्यास झाल्याशिवाय स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायचा नाही, इंग्रजी अस्खलित झाल्याशिवाय वर्गात प्रश्न विचारायचा नाही, निबंध उत्तम झाल्याशिवाय सरांना दाखवायचा नाही. बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाला डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला तेव्हा परीक्षकांनी त्यात फेरबदल सुचविले होते. त्यांनी ते करून प्रबंध पुन्हा पाठविला आणि १९२३ मध्ये पदवी मिळविली. परत आलेला कागद म्हणजे पराभव नव्हे. परत येण्यासाठी तो आधी पाठवावा लागतो, एवढे लक्षात ठेवा.

शेवटी आमच्या ज्येष्ठ सभासदांना आणि पालकांना एक नम्र विनंती आहे. मुलाने धंदा सुरू केला आणि पहिल्या महिन्यात पाच पाकिटे परत आली तर 'आधीच सांगितले होते' असे म्हणू नका. मुलीने भाषणात दोन शब्द चुकविले तर सभागृहात हसू नका. बाहेरची नजर आपल्या हातात नाही, घरातली आणि संस्थेतली नजर आपल्या हातात आहे. ज्या वस्तीत चुकायला जागा असते तेथेच नवे काही सुरू होते. संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात तरुणांच्या मालासाठी एक टेबल मोफत द्यावे आणि सभासदांनी तेथून विकत घेऊन मोकळेपणाने मत सांगावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. ओळखीच्या माणसाची खरी तक्रार ही नव्या दुकानदाराला मिळणारी पहिली शिदोरी आहे.

पुढील १४ एप्रिलच्या आत आपल्या वस्तीतील किमान काही दुकाने उघडलेली असावीत, अशी इच्छा व्यक्त करतो. आज घरी गेल्यावर तीन रकान्यांचा तो कागद काढा आणि पहिल्या रकान्यातील पहिल्या कामाला आजच हात घाला.



जयभीम! नमो बुद्धाय!